अधांतरीची थंडी

हॅमॉकच्या जाहिरातीत पहाटेचे चार कधी वाजत नाहीत. तिथे कायम संध्याकाळ असते. दोन झाडं, मध्ये केशरी कापड, त्यात पाय सोडून बसलेली एक तरुणी, तिच्या हातात मग आणि मगातून निघणारी वाफ. वाफेवरून हवेत गारवा असावा असं वाटतं, पण बाईंच्या अंगात बिनबाह्यांचा शर्ट असतो. पहाटे चारला त्याच कापडात त्याच बाईंची काय अवस्था असते, याचा फोटो अजून कुणी छापलेला नाही. फोटोग्राफर त्या वेळी तंबूत घोरत असावा.

तरी हा झुलता बिछाना सह्याद्रीत रुळला, आणि उगाच रुळला नाही. पूर्वी ट्रेकला जाणारा माणूस देवळात, गुहेत, नाहीतर पायथ्याच्या शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकायचा. नंतर तंबू आले आणि तंबूंच्या मागोमाग हॅमॉक. वजन जेमतेम अर्धा किलो, सॅकच्या कोपऱ्यात कुठेही सरकवावा. पाठीला दगड टोचत नाही, जमीन उतरती असली तरी बिघडत नाही, आणि विंचवाशी गाठ पडलीच तर ती सकाळी बूट घालताना. गडमाथ्यावर मात्र त्याचं काही चालत नाही. दोन धट्टीकट्टी झाडं, त्यांच्यात चार-पाच मीटरचं अंतर आणि मध्ये करवंदीची जाळी नाही, हा योग आपल्या गडांवर दुर्मीळ. म्हणून हॅमॉकवाले गडाच्या पोटातल्या झाडीत, हिरड्या-जांभळांच्या आधाराने, किंवा धरणाच्या काठाला, वनखातं हो म्हणेल तिथे थांबतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्याइतकं सुखी कुणी नसतं. तंबूवाले आत उकडून निघतात आणि हे वरून विचारतात, ‘काय रे, झोप येत नाही का?’

जानेवारीत हिशेब चुकता होतो.

आपल्याकडे थंडी ही मुख्यतः वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट आहे. निफाडचा पारा घसरला, वेण्णा तलावाकाठी दव गोठलं, अशा दोन बातम्या आल्या की हिवाळा साजरा झाला. पुण्याचा नीचांक १.७ अंशांचा, तोही १९३५ च्या जानेवारीतला. पण हॅमॉकमध्ये झोपणाऱ्याला निफाडपर्यंत जायची गरज नसते. पारा वीसच्या खाली उतरला की त्याच्या पाठीला बातमी लागते. घरी ज्या तापमानाला आपण पंखा एकवर ठेवून चादर ओढतो, त्या तापमानाला हा मनुष्य स्लीपिंग बॅगमध्ये शिरून, चेन गळ्यापर्यंत ओढून, कुडकुडत पडलेला असतो. छाती गरम, पोट गरम, गुडघे गरम. आणि कमरेखाली, जिथे सगळा भार येतो तिथे, कुणी बर्फाची लादी लावून ठेवल्याचा भास.

त्याचं कारण सरळ आहे. स्लीपिंग बॅग स्वतः ऊब देत नाही. ऊब आपलीच. झोपलेला माणूससुद्धा सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. बॅगेतली पिसं किंवा कृत्रिम तंतू एवढंच करतात, की त्यांच्यात हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. म्हणजे आपण दुकानात पाच-सात हजार मोजतो ते खरं तर थांबलेल्या हवेचे. आता या बॅगेवर आपण अंग टाकलं की खालची सगळी हवा निघून जाते. फुललेल्या पुरीवर कुणी बसावं, तशी तिची गत होते. जमिनीवर झोपलेल्याला निदान जमीन असते. ती गार असली तरी एका जागी असते, आणि थोडा वेळ दिला तर थोडी तापतेही. हॅमॉकच्या खाली वारा असतो. आपण मोठ्या कष्टाने तापवलेली हवा तो लगेच घेऊन जातो आणि नवी, ताजी, थंडगार हवा आणून ठेवतो. रात्रभर. विनामूल्य.

म्हणून नवखा हॅमॉकवाला आणि त्याचं पांघरूण हा एक बघण्यासारखा प्रकार असतो. तो वरून वाढवत जातो. स्लीपिंग बॅगवर शाल, शालीवर जाकीट, जाकिटावर उद्याचे कपडे. वरून बघावं तर कपड्यांचा ढीग, आणि ढिगाखालून पाठीला लागलेलं एक पातळ नायलॉनचं कापड, त्याखाली सह्याद्री. रात्री तो कूस बदलतो. कूस बदलली की थंडीची जागा बदलते, एवढाच फरक. दर अर्ध्या तासाने शेकोटीवरच्या कणसासारखं उलटं-सुलटं होत सकाळ गाठायची, ही त्यातली एक मान्यताप्राप्त पद्धत आहे.

वस्तूचा दोष म्हणावा तर तसंही नाही. ती ज्या मुलखात जन्मली तिथे खालून वारा लागणं हेच तिचं काम होतं. १४९२ च्या ऑक्टोबरात कोलंबस बहामा बेटांवर पोचला, तेव्हा तिथली माणसं सुती जाळ्यांसारख्या बिछान्यांत झोपतात याची नोंद त्याच्या रोजनिशीत झाली. दमट उकाडा, जमिनीवर ओल आणि किडामुंगी. अशा ठिकाणी जमीन सोडून वर टांगून घेण्यात शहाणपणच होतं. आणि जिथे रात्री गारठा पडे, तिथल्या लोकांनी त्याचाही विचार करून ठेवला होता. हान्स स्टाडेन नावाचा एक जर्मन गोलंदाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर तुपिनांबा लोकांच्या कैदेत पडला होता. सुटून घरी परतल्यावर १५५७ मध्ये त्याने सगळी हकिकत छापली. हे लोक टांगलेल्या सुती बिछान्यात झोपतात आणि रात्रभर शेजारी विस्तव जागता ठेवतात, असं तो लिहितो. स्टाडेनला मारून खायचा बेत चालला होता, असं त्याचंच म्हणणं. अशा परिस्थितीतही माणसाने यजमानांच्या अंथरुणाची इतकी बारकाईने पाहणी करावी, याचं मला कौतुक वाटतं.

ब्रिटिश आरमाराने हा बिछाना उचलला तो जागेच्या टंचाईमुळे. युद्धनौकेवर एका खलाशाला टांगून घ्यायला चौदा इंच रुंदी मिळायची. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्याला या आकड्यात नवल वाटणार नाही. अर्धे लोक पहाऱ्यावर असत, म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त जागा मिळे. पण कापडाच्या आत लोकरीच्या पुंजक्यांनी किंवा चिंध्यांनी भरलेली गादी असायची, आणि डाव्या-उजव्या बाजूला दोन जिवंत माणसं. थंडीची तक्रार त्यात बसायला जागाच नव्हती. सकाळी हे बिछाने गुंडाळून, घट्ट आवळून डेकच्या कडेने जाळ्यांत रचून ठेवत, म्हणजे लढाईत बंदुकीच्या गोळ्या अडवायला उपयोगी पडावेत. आपल्या हॅमॉकचा दिवसा एवढा उपयोग कुणी केल्याचं ऐकिवात नाही. दिवसा त्यात फक्त फोटो काढतात.

माझी आत्या वाईजवळ राहते. वाकळा शिवणं हा तिचा आयुष्यभराचा उद्योग. जुनी लुगडी, धोतरं, आता पोरींच्या ओढण्या, एकावर एक रचून, कडेने धावदोरा घालत आत येत येत ती मधोमध पोचते. एकदा परतीच्या वाटेवर तिच्याकडे उतरलो आणि तिच्या परड्यातल्या दोन आंब्यांना हॅमॉक बांधून दाखवला. तिने लांबून पाहिलं, जवळ येऊन कापड चिमटीत धरून पाहिलं.

“आरं, झोळीत निजायचं वय हाय का तुजं?”

“आत्या, डोंगरात झोपायला बरं पडतं. जमिनीवर ओल असते.”

“व्हय, पर खाली काय घालतूस?”

मी तिला स्लीपिंग बॅग दाखवली. तिने ती हाताने दाबून बघितली, सोडली, पुन्हा दाबली.

“ह्ये वर. खाली काय?”

जगभरातल्या हॅमॉकवाल्यांनी गेल्या काही दशकांत जाकिटं, फोम आणि पैसा खर्च करून जो प्रश्न शोधून काढला, तो आत्याने पाच मिनिटांत विचारला. तिला तो अवघड वाटायचं कारण नव्हतं. झोळीत बाळ घालायचं म्हणजे आधी तळाशी वाकळेची दुहेरी घडी, त्यावर मऊ जुनं लुगडं, मग बाळ, आणि वरून एखादं हलकं दुपटं. खाली जास्त, वर कमी. बाळंतिणीच्या बाजेचंही तेच. सुंभाने विणलेली बाज, तिच्या फटीफटींतून गारवा वर येणार हे घरातल्या बायकांना ठाऊक, म्हणून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-शेपा. बाजेवरच्या बाईला वरून दहा पांघरुणं घालण्यापेक्षा खालून शेक दिलेला बरा. ब्राझीलचे तुपिनांबा आणि वाईची सुईण यांची कधी भेट झाली नसावी, पण झाली असती तर या एका मुद्द्यावर दोघांचं पाच मिनिटांत एकमत झालं असतं. नायलॉनच्या हॅमॉकखाली मात्र कुणी शेगडी ठेवू नये. आत्यालाही मी हे दोनदा सांगितलं.

हल्ली यावर जो इलाज निघाला आहे त्याला हॅमॉकवाले अंडरक्विल्ट म्हणतात. म्हणजे खालची रजई. ती आत घालायची नसते, बाहेरून, हॅमॉकच्या पोटाखाली टांगायची असते. तिच्यावर आपला भार येत नाही, म्हणून ती दबत नाही, फुललेली राहते, आणि वारा तिच्या खालच्या अंगाला लागून निघून जातो. कल्पना इतकी साधी की ऐकल्यावर राग येतो. पण ती टांगणं साधं नाही. सैल टांगली तर मध्ये फट राहते आणि त्या फटीत वारा मुक्कामाला येतो. घट्ट टांगली तर दबते आणि पुन्हा पहिल्या ठिकाणी. पाठीला नुसती लागेल आणि टेकणार नाही, अशी ती हवी. हे जमलंय की नाही ते आत झोपणाऱ्यालाच कळतं, आणि दोऱ्या असतात बाहेर. त्यामुळे संध्याकाळी एकजण आत उताणा पडून सूचना देतो आणि दुसरा खाली गुडघ्यावर बसून दोऱ्या ओढतो. ‘खांद्यापाशी थोडी वर. नाही, एवढी नाही. कमरेला सोड.’ लग्नात नवरीची नऊवारी नेसवताना याच सूचना, याच क्रमाने ऐकल्याचं आठवतं.

पिसांची रजई महाग, शिवाय ती पिसं कुणाची, हा प्रश्न आमच्यातल्या माळकरी मंडळींना पडतो. मग पर्याय निघतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे फोमची मॅट पाठीखाली घालणे. मॅट दाबली तरी फारशी दबत नाही, म्हणून काम करते, पण तिला हॅमॉकचा गोल आकार मान्य नसतो. मध्यरात्री ती हळूच एका बाजूने निसटते आणि सकाळी झाडाखाली सापडते. दोन कापडांच्या हॅमॉकमध्ये, त्या दोन थरांच्या मध्ये मॅट सरकवली तर ती बरीच शहाण्यासारखी वागते. कुणी गाडीच्या काचेवर लावायचा चंदेरी पडदा आणतो. कुणी बबल रॅप. बबल रॅप ऊबेला खरंच वाईट नाही, फक्त ते अंथरून कूस बदलली की आसपासच्या चार हॅमॉकांतले लोक जागे होतात. कुणीतरी पुस्तकात वाचून दोन थरांमध्ये वाळका पाला भरतो. पाला ऊब देतो हे अगदी खरं आहे. पण त्या पाल्यात आधीपासून राहणाऱ्यांनाही ऊब आवडते, आणि माणूस आला म्हणून मुंगळे घर सोडत नाहीत.

आडवं कसं पडावं हाही एक मुद्दा आहे. सरळ रेषेत झोपलं की अंगाची कमान होते आणि सकाळी माणूस त्याच कमानीत चहाला येतो. जरा तिरपं पडलं, डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या, की पाठ बरीचशी सपाट होते. मेक्सिकोत युकातानकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या असंच झोपत आली आहेत. तिरपं पडल्यावर खालची रजईही नीट बसते. बाकी सगळे उपाय आजीच्या काळातले आहेत. झोपण्याआधी कोरडे कपडे, कारण दिवसभराच्या घामाने ओला बनियन रात्री वैर साधतो. पोटात काहीतरी जड आणि तुपट, गूळ-शेंगदाणे, तिळाची वडी. संक्रांत नेमकी याच दिवसांत येते हा काही केवळ पंचांगाचा प्रताप नसावा. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, बाटलीला मोजा घालून ती मांड्यांत घ्यावी. आणि माकडटोपी. माकडटोपीबद्दल पुण्या-मुंबईच्या तरुण पिढीचं मत काय आहे ते मला ठाऊक आहे. ते मत रात्री साडेअकरापर्यंत टिकतं. दोन घोट घेतले की ऊब येते असं मानणाराही एक पंथ आहे. त्या घोटांनी कातडीखालचं रक्त वर येतं आणि गरम वाटतं, पण अंगातली उष्णताच बाहेर पडत असते. रात्री सगळ्यात आधी गाणी म्हणणारा आणि सगळ्यात आधी कुडकुडणारा माणूस सहसा एकच असतो.

जागेची निवडही लोक डोळ्यांनी करतात, ती पाठीने करायला हवी. तलावाचा काठ सगळ्यांना हवा असतो. पण थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून ओघळत खोलगटात साचते. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत नुसता कडाका असतो तेव्हा खाली वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठलेलं असतं, त्याचं एक कारण हेच. म्हणून काठ सोडून थोडं वर, उताराच्या मधल्या अंगाला बांधावं, आणि दाट फांद्यांखाली बांधावं. मोकळ्या आभाळाखाली अंगातली ऊब सरळ वर निघून जाते. फांद्या आणि ताडपत्री ती थोडी अडवतात, दवही त्यांच्यावरच पडतं. चांदण्या दिसत नाहीत, हे मान्य. पण रात्री नऊनंतर चांदण्या बघणारे मी फार पाहिलेले नाहीत. नऊ वाजता सगळे मृग आणि कृत्तिका दाखवतात. तीन वाजता एकेक जण उठून लघवीला जातो आणि वर न बघता परत येतो. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात खाली जातं, बाहेरचं सूर्योदयाच्या सुमाराला. या दोघांची गाठ पडते तो वेळ ज्याने अधांतरी काढला, त्याला नंतर गॅसवरच्या कोऱ्या चहात साखर आहे की नाही हेही कळत नाही.

एक गोष्ट मात्र हे सगळं लिहिताना आड येते. आपण ज्या दिवसांत हौसेने झाडाला टांगून घ्यायला जातो, त्याच दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगाम चालू असतो. बीडकडून आलेली जोडपी पहाटेच्या काळोखात फडात शिरतात आणि त्यांची तान्ही पोरं बांधावरच्या झाडाला किंवा उभ्या गाडीच्या दांडीला बांधलेल्या झोळीत असतात. जुन्या लुगड्याची झोळी, तळाशी वाकळेचा तुकडा. थोडं मोठं पोर असेल तर खाली पाचटाचा जाड थर, त्यावर वाकळ, आणि पोर त्यात कानटोपीसकट गुरफटलेलं. पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. खालून गारवा येऊ नये म्हणून काय करायचं, यावर त्यांना कुणाचंही पुस्तक वाचावं लागलं नाही. शौक म्हणून ते कुणी करत नाही, इतकंच. कराड-साताऱ्याच्या रस्त्याने सकाळी ट्रेकवरून परतताना फडाच्या कडेच्या त्या झोळ्या दिसल्या की गाडीत रात्रीच्या थंडीच्या बढाया काही किलोमीटर बंद पडतात. मग कुणीतरी मिसळीचं नाव काढतो.

आत्याला मी विचारलं होतं, खालून टांगायला एखादी वाकळ शिवून देशील का, चार कोपऱ्यांना नाड्या लावून. तिने वाकळ काढून माझ्या खांद्यावर टाकली. चार किलोच्या आसपास असावी. दव प्यायली की सहा. सुती वाकळ कोरडी असते तोवर तिच्यासारखी ऊब नाही, पण रानातल्या ओलीत ती पाणी धरून बसते, आणि शिवाय ती वाहायला एक वेगळा माणूस लागेल. आत्याने तोही प्रश्न सोडवला. “मंग घरात नीज की,” ती म्हणाली, आणि वाकळ माझ्या खांद्यावरून काढून घेऊन परत घडी घालू लागली.

आमच्या गटात आता दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, अंडरक्विल्टसाठी वर्गणी काढावी. दुसऱ्याचं म्हणणं, थंडीच नको, जानेवारीत सरळ कोकणात उतरावं. गुहागरला सुरूचं बन आहे, झाडं हव्या त्या अंतरावर, समुद्राची हवा, पहाटेही फार तर एक चादर लागेल. दुसऱ्या तटाचा सध्या जोर आहे. पण मागच्या खेपेला तिकडे जाऊन आलेल्या एकाने परवा शर्ट वर करून पाठ दाखवली. त्याने मच्छरदाणी लावली होती, वरून, चारी बाजूंनी, कडा नीट खोचून. कोकणातले डास खालून आले, पातळ कापडातून सोंड घालून रात्रभर जेवले, आणि त्याच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत एकही जागा त्यांनी सोडली नाही. आता त्याचा विचार असा आहे की कोकणातही अंडरक्विल्ट न्यावी, ऊब नको असली तरी जाडी हवी. वर्गणीची वही त्याच्याकडेच दिली आहे.